नियमपत्रिकेतील रिकाम्या चौकटी

चातुर्मास सुरू झाला की गावोगावच्या पाठशाळांतून मुलांना नियमपत्रिका वाटल्या जातात. कृष्णाकाठच्या त्या गावातील पाठशाळेतही ही प्रथा अनेक वर्षे चालत आली आहे. जाड कागदाची एक घडी, वर जिनमंदिराचे चित्र आणि आत चार महिन्यांच्या दिवसांच्या लहान लहान चौकटी. देवदर्शन, गाळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग, रात्रिभोजनत्याग आणि स्वाध्याय असे पाच नियम. पाळलेल्या नियमासमोर बरोबरची खूण करायची, चुकलेली चौकट रिकामी सोडायची आणि रविवारी पालकांच्या सहीसह पत्रिका बाईंना दाखवायची. निर्वाण महोत्सवाच्या दिवशी सर्वाधिक खुणा असलेल्या मुलाला चांदीचे नाणे मिळते.

पाठशाळेच्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. मुलांवर त्यांचा जीव आहे, पण चुकलेल्या नियमाला त्या सहसा क्षमा करीत नाहीत. लहानपणी लागलेली सवय जन्मभर सोबत करते, म्हणून आज केलेली कठोरता ही उद्याची दयाच होय, अशी त्यांची धारणा.

त्या वर्षी सतरंजीवर शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन मुलांच्या पत्रिका बाईंच्या विशेष ध्यानात राहिल्या. एक बारा वर्षांचा मुलगा. त्याच्या वडिलांची मार्केट यार्डात हळदीची अडत. त्याच्या पत्रिकेत एकही चौकट रिकामी नव्हती. दुसरी अकरा वर्षांची मुलगी. तिचे वडील पेठेतील एका कापडदुकानात नोकरीला. तिच्या पत्रिकेत जुलै महिना भरलेला होता, ऑगस्टमध्ये रात्रिभोजनत्यागाच्या रांगेत मधूनमधून खंड पडू लागला होता आणि सप्टेंबरमध्ये ती रांग जवळजवळ कोरी होती. इतर चार नियम मात्र अखंड.

क्षमावाणीनंतरच्या रविवारी बाईंनी ती पत्रिका सर्वांसमोर उंच धरली. "आरंभी उत्साह आणि नंतर आळस, याला व्रत म्हणत नाहीत. शेजारी बघ, त्याला कसे जमते?" एवढेच त्या बोलल्या. मुलीने मान खाली घातली. तिने कारण सांगितले नाही आणि बाईंनीही विचारले नाही. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तिची जागा मोकळीच राहिली, तेव्हा बाईंना चैन पडेना.

ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेल्या. पेठेच्या मागच्या बोळात दोन खोल्यांचे बिऱ्हाड. साडेसहा वाजून गेले होते, बाहेर अंधार पडला होता. मुलगी तांदूळ निवडत बसली होती आणि तिचा धाकटा भाऊ बिस्किटांच्या पुड्यातील शेवटचे बिस्किट खात होता. सकाळी केलेल्या भाकऱ्यांतून वडिलांचा डबा भरला जाई. दुपारनंतर एखादी उरलीच तर ती भावाच्या वाट्याला येई. आई अजून कामावरून यायची होती.

थोड्या वेळाने आई आली. पदराला हात पुसत ती म्हणाली, "जय जिनेंद्र, बाई. फार वेळ बसावे लागले का? दोन घरचा स्वयंपाक उरकून येते. त्यांचा चौविहार असतो, त्यामुळे जेवणे दिवस असतानाच व्हावी लागतात. गरम फुलके वाढून, ओटा आवरून निघेपर्यंत मला सहा वाजतात."

"आणि तुमचे जेवण?"

"जुलैत दिवस मोठा असतो, बाई. घरी येऊन भात-आमटी टाकली तरी सूर्य असायचा. आता दिवस लहान झाला. पोरीने दोन दिवस काही न खाता तसेच झोपून पाहिले. मीच म्हटले, वाढत्या वयात असे नको. तेव्हापासून ती पाठशाळेला येत नाही."

बाईंनी सहज विचारले, कोणाच्या घरी काम करता? आईने सांगितलेल्या दोन घरांपैकी एक हळदीच्या अडत्याचे होते. ज्या मुलाची भरलेली पत्रिका बाईंनी त्या मुलीसमोर आदर्श म्हणून ठेवली होती, त्याच्या ताटात सूर्यास्तापूर्वी पडणारे फुलके त्या मुलीचीच आई करीत होती.

सह्याद्रीपासून कृष्णेपर्यंतच्या या पट्ट्यात जुलैच्या आरंभी सूर्य सातच्या पुढे मावळतो आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास. हा तासाभराचा फरक दोन्ही घरांसाठी सारखाच होता. पण एका घराने तो पगार देऊन भरून काढला आणि दुसऱ्या घराकडून तोच तास विकला गेला. मुलीच्या पत्रिकेतील रिकाम्या चौकटींत आळस नव्हता, तिच्या आईच्या कामाचे वेळापत्रक होते.

बाई विचारात पडल्या, आणि एका घराचे वास्तव समजले तसे दुसऱ्या घराचेही समजून घ्यावे असे त्यांना वाटले. काही दिवसांनी त्या मुलाच्या घरी गेल्या. आजींनी आग्रहाने बसवून घेतले. बोलता बोलता मुलाचा दिनक्रम उलगडत गेला. शाळा सुटताच मोटार दाराशी येते. शिकवणीला जाता जाता मोटारीतच वेफर्सचे पाकीट आणि गोड पेय होते. सहाला घरी येतो तेव्हा भूक मेलेली असते. फुलके पानात तसेच राहतात, पण सूर्यास्तापूर्वी पानावर बसला म्हणून चौकटीत खूण होते. मग अभ्यास, आणि त्यानंतर अंथरुणात अकरापर्यंत मोबाईल. मैदानाशी त्याचा संबंध शाळेच्या क्रीडादिनापुरता. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी वजनाबद्दल सावध केले होते आणि रक्तातील साखर मर्यादेच्या काठावर असल्याचे सांगितले होते. ते सांगताना मुलाच्या आईचा आवाज खाली आला. "बाई, नियम तर सगळे पाळतो हो," ती म्हणाली.

आजी ऐकत होत्या. त्यांच्या लहानपणी गावात वीज नव्हती. शेतावरून माणसे आणि जनावरे बरोबरच परतत, तेव्हा मालकाच्या आणि गड्याच्या घरची चूल एकाच सुमारास पेटून एकाच सुमारास विझे. दिवस असताना जेवायला पैसा लागत नव्हता. मुले अंधार पडेपर्यंत लगोरी आणि आट्यापाट्या खेळत. त्या पटांगणावर आता मंगल कार्यालयाच्या गाड्या उभ्या राहतात.

या दोन घरांची गोष्ट त्या गावापुरती नाही. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती मुलांच्या शरीरावर आणि सवयींवर कसा ठसा उमटवते, हे देशभरच्या पाहण्यांतून वारंवार दिसले आहे. 2019–21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील 35.5 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती आणि गरिबांतल्या गरीब घरांत हे प्रमाण सर्वांत संपन्न घरांच्या जवळपास दुप्पट होते. त्याच वयोगटातील अतिवजनाचे प्रमाण आधीच्या सर्वेक्षणातील 2.1 टक्क्यांवरून 3.4 टक्क्यांवर गेले. 2016–18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी सुमारे 10 टक्के मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. उपासमारीची आणि अतिरेकाची अशी दोन्ही दुखणी एकाच देशात, एकाच गावात आणि कधीकधी एकाच सतरंजीवर शेजारी बसलेली असतात.

श्रीमंत देशांत आज बहुधा उलटे चित्र दिसते. तेथे लठ्ठपणा गरीब वस्त्यांत अधिक, कारण ताजी फळे आणि भाज्या महाग, पाकिटातील अन्न स्वस्त आणि खेळण्याच्या जागा दूर. आपल्याकडे लठ्ठपणा अजून मुख्यतः संपन्न घरांत आहे, पण पाच रुपयांची पुडी आता प्रत्येक बोळाच्या तोंडाशी लटकते आहे. कामावर गेलेल्या आईच्या घरी संध्याकाळची भूक भागवायला त्याहून सोपे काही नसते. त्या धाकट्या भावाच्या हातातील बिस्किटाचा पुडा हा आईच्या निष्काळजीपणाचा पुरावा नव्हता. तिला न मिळणाऱ्या दोन तासांच्या जागी तो आला होता.

आणखी एक गोष्ट शाकाहारी समाजाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील सुमारे दोन तृतीयांश गर्भवती मातांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी आढळले. ज्या मातांमध्ये ब-12 कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. हीच प्रवृत्ती पुढे मधुमेहाकडे नेऊ शकते. धान्य, कडधान्य, भाज्या आणि फळे यांतून ब-12 मिळत नाही. शाकाहारी माणसाचा त्यासाठीचा मुख्य आधार दूध आणि दही. ज्या घरात दूध चहापुरतेच येते, त्या घरातील मूल वरवर तेच शाकाहाराचे व्रत पाळत असले तरी त्याच्या शरीराला पडणारी किंमत वेगळी असते. अशा घरांतील माता आणि मुलांची रक्ततपासणी व्हावी आणि गरजेनुसार डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध मिळावे. त्यात धर्माला बाधा येण्यासारखे काही नाही.

आचार्यांनी सहा बाह्य तपे सांगितली. त्यांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येते, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी जेवणे. त्यापुढे रसपरित्याग, म्हणजे तूप, दूध, दही, साखर अशा रसांचा त्याग. या तपांचा अर्थ तेव्हाच उभा राहतो, जेव्हा ताटात ते सर्व आलेले असते आणि माणूस स्वतःहून हात आवरतो. ज्या मुलीच्या ताटात दूध आलेच नाही, तिने रसपरित्याग केला असे म्हणता येत नाही. ती नुसती उपाशी राहिली. आणि ज्या मुलाचे पोट पाकिटातील तळणाने आधीच भरले आहे, त्याने पानातील फुलके तसेच ठेवले तर ते अवमौदर्य नव्हे. परिग्रहाचे परिमाण ठरवताना घर, सोने आणि जमीन मोजली जाते. मुलाच्या हातातील पडद्याचे तास आणि मोटारीतील खाऊची पाकिटे यांचे परिमाण कोणी घालून देत नाही. नियमपत्रिकेत त्यांच्यासाठी चौकटच नव्हती.

बाईंनी हा विषय मंदिराच्या विश्वस्तांपुढे मांडला, तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी प्रामाणिक आश्चर्याने विचारले, "आपल्या समाजात असे गरीब आहेत तरी कोण?" प्रश्नात दुष्टावा नव्हता. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे 44 लाख जैनांपैकी 14 लाख महाराष्ट्रात राहतात आणि समाज म्हणून त्यांची गणना संपन्नांत होते. पण सरासरीच्या सावलीत अनेक घरे झाकली जातात. दुकानातील नोकर, कोरडवाहू शेतकरी, शेतमजूर, मंदिरातील पूजेवर गुजराण करणारे उपाध्ये, पापड लाटणाऱ्या आणि दुसऱ्यांच्या चुली सांभाळणाऱ्या स्त्रिया. 'समाज श्रीमंत आहे' या लौकिकामुळे सरकारी मदत मागायला त्यांना लाज वाटते आणि समाजाकडे मागायला त्याहून अधिक.

असे मूल पाहून थांबलेली माणसे याच मातीत होऊन गेली. कुंभोज येथे जैन कुटुंबात 1887 मध्ये जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालविले. शिकण्याआधी मुलाला दोन वेळचे जेवण आणि एक छप्पर हवे, हे त्यांनी ओळखले होते. त्या मुलांच्या पानात अन्न पडावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक करून आपले दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले. जुन्या वळणाच्या घरातून आलेल्या या स्त्रीने कोणाच्या मुलाला वाढतो आहोत हे पाहिले नाही. आहारदान हे चार दानांतील पहिले दान म्हणून शास्त्रात वाचले जाते. लक्ष्मीबाईंनी ते रोज दोन वेळा स्वतःच्या हाताने वाढले.

विश्वस्तांची बैठक दोनदा झाली. पहिल्या बैठकीत गरजू मुलांची यादी करावी अशी सूचना आली. बाईंनी तिला ठाम विरोध केला. यादीत नाव आलेले मूल मान वर करून जेवणार नाही, असे त्यांचे म्हणणे. अखेर ठरले ते असे: मंदिराची भोजनशाळा एरवी त्यागींच्या आगमनाला आणि उत्सवांनाच उघडते, ती सोमवार ते शनिवार रोज संध्याकाळी पाठशाळेच्या सर्व मुलांसाठी उघडावी. आधी पटांगणात पाऊण तास खेळ, मग सूर्यास्तापूर्वी पंगत. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, दुधी किंवा दोडक्याची भाजी, भात, एक केळे आणि शेवटी कपभर दूध. खर्चाचा भार वर्षाच्या पूजा-विधानांच्या बोल्यांतून उचलावा आणि वाढण्याची पाळी घराघरांनी वाटून घ्यावी. अडत्याचा मुलगाही त्याच पंगतीत बसू लागला. पाऊण तास धावल्यावर त्याने पहिल्यांदाच दुसरी भाकरी मागून घेतली, हे वाढणाऱ्या त्याच्या आजीनेच पाहिले.

आजींनी घरातही एक बदल केला. स्वयंपाकाच्या बाईंना कणीक मळून, भाजी करून पाच वाजता घरी जाऊ द्यायचे आणि फुलके सुनेने किंवा स्वतः टाकायचे, असे त्यांनी ठरविले. पगारातून एक पैसाही कमी केला नाही. "आमचा चौविहार आमच्या हातानेही थोडा होऊ दे," एवढेच त्या म्हणाल्या.

बाईंचे स्वतःचे एक देणे राहिले होते. बोल सर्वांसमोर लावला होता, तेव्हा क्षमाही सर्वांसमोरच मागायला हवी होती. क्षमावाणीचा दिवस केव्हाच उलटून गेला होता. एका साध्या रविवारी, मुलगी पाठशाळेत परतल्यावर, बाईंनी हात जोडून सांगितले की कारण न विचारता तिला रागावणे ही त्यांची चूक होती. मुले गोंधळली, कारण मोठ्या माणसाने लहानाची क्षमा मागितलेली त्यांनी पाहिली नव्हती. मुलगी काही बोलली नाही. तिने पत्रिका पुढे केली आणि बाईंनी सही केली.

त्या वर्षी चांदीचे नाणे कोणालाच दिले गेले नाही. त्या पैशांतून खेळाचे साहित्य आले. पुढच्या चातुर्मासाची पत्रिका बाईंनी नव्याने छापून घेतली. जुन्या पाच नियमांखाली तीन नवे नियम आले: आज मोकळ्या हवेत खेळलो, पाकिटातील खाऊ टाळला, दहाच्या आत मोबाईल ठेवून झोपलो. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल करावी असे सांगते. त्या मानाने पाऊण तासाचा खेळ अजून अपुराच आहे, हे बाईंना ठाऊक आहे.

सगळे प्रश्न सुटले असे मुळीच नाही. कापडदुकानाची वेळ बदललेली नाही, त्यामुळे मुलीचे वडील अजूनही रात्री नऊनंतरच जेवतात. रविवारी भोजनशाळा बंद असते आणि ज्या रविवारी आईला जादा काम लागते, त्या दिवशीची चौकट आजही कोरी राहते. मुलाचा मोबाईल दहाच्या आत क्वचितच ठेवला जातो आणि त्या रांगेत तो आता प्रामाणिकपणे खूण करीत नाही. रिकाम्या चौकटीसाठी आता कोणी रागावत नाही. बाई फक्त विचारतात, काय अडले?

पत्रिकेच्या मागील बाजूस बाईंनी आणखी एक ओळ छापली आहे: 'हे नियम कोणाच्या मदतीने पाळता आले?' बहुतेक मुले तेथे आई, आजी, बाबा असे लिहितात. गेल्या चातुर्मासाच्या अखेरीस अडत्याच्या मुलाने त्या ओळीवर आजीचे नाव लिहिले होते आणि त्याच्याखाली, थोड्या वाकड्या अक्षरांत, घरी फुलके करायला येणाऱ्या मावशींचे.